रमाबाई रानडे

सन १८७३ मध्ये पुण्यातील रानडे यांच्या घरी अकरा वर्षांची एक नववधू आली. तिला लिहितावाचता येत नव्हते. स्त्री शिकली तर तिच्यावर वैधव्य ओढवते, अशी समजूत त्या काळी घरोघर रूढ होती. त्यामुळे माहेरी तिच्या हाती कोणी पाटी दिली नव्हती. हीच मुलगी पुढे असंख्य स्त्रियांना विद्येच्या वाटेवर घेऊन गेली. तिचे नाव रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म हल्लीच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. त्यांचे पती महादेव गोविंद रानडे हे विद्वान न्यायाधीश व समाजसुधारक होते. विवाह होताच त्यांनी पत्नीला स्वतः अक्षरे शिकविण्यास प्रारंभ केला. परंतु घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. एकदा भांडी घासताना रमाबाईंना इंग्रजी वर्तमानपत्राचा एक कपटा दिसला आणि त्या तो वाचण्यात गढून गेल्या. हे दृष्टीस पडताच त्यांना पुष्कळ बोलणी खावी लागली. पुस्तक मिटून ठेवावे आणि सर्वांची मर्जी संपादावी, हा मार्ग सोपा होता. रमाबाईंनी तो पत्करला नाही. घरकामात कसूर न करता त्यांनी अभ्यास चालू ठेवला.

सन १८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला व पुढल्या वर्षी तेथून धुळ्याला झाली. धुळे हे त्या वेळच्या खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. आजचा नंदुरबार जिल्हाही तेव्हा खानदेशातच मोडत असे. नाशिकला असताना एका शाळेच्या समारंभात बोलण्याचा प्रसंग रमाबाईंवर आला. कुलीन स्त्रीने चारचौघांत तोंड उघडणे हेच तेव्हा अमर्यादपणाचे मानले जाई. मग सभेत उभे राहण्याची गोष्ट किती कठीण! भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. तथापि ते बोलण्याचे धैर्य रमाबाईंनाच एकवटावे लागले. ते त्यांनी एकवटले आणि त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ झाला.

मात्र खरी कसोटी पुढेच होती. १९०१ च्या जानेवारीत रानड्यांचे निधन झाले. आजवर प्रत्येक पावलाला त्यांचा आधार होता. तोच आता नाहीसा झाला. रमाबाई पुण्यास परतल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतले. विधवेने जगाला तोंड दाखवू नये, असे लोकमत होते. या वेळी धीर देणारे माणूस शेजारी नव्हते. अशा स्थितीत त्यांनी पुन्हा उंबरठा ओलांडला, तो स्वतःच्याच बळावर.

तुरुंगातील स्त्री-कैद्यांच्या आणि रुग्णालयातील रोग्यांच्या भेटीस त्या जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन ही संस्था उभी राहिली. तिचे पहिले वर्ग रमाबाईंच्या राहत्या घरातच भरत. निराधार स्त्रियांना तेथे विद्या व हस्तव्यवसाय शिकविले जात. रुग्णपरिचर्येचे काम त्या काळी हलके समजत. पण सेवासदनाने स्त्रियांना तेही शिक्षण मिळवून दिले. १९१० साली रमाबाईंच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याला मानाचे स्थान आहे. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. १९२४ साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

रमाबाई जन्मतः धीट होत्या असे नव्हे. संकोच त्यांनाही होता, लोकनिंदेचे शल्य त्यांनाही बोचत असे. परंतु भीती संपूर्ण ओसरण्याची वाट पाहत त्या थांबल्या नाहीत. प्रथम एक अक्षर, मग चार शब्द, मग एक संस्था, अशा क्रमाने त्या पुढे गेल्या. पहिले पाऊल लहान असले तरी चालते. मात्र ते आपले आपणच टाकावे लागते, हा त्यांच्या चरित्राचा बोध आहे.