स्वतःची समजूत मोडणारा शास्त्रज्ञ : झाक मोनो

बारावीनंतर मी विज्ञान शाखा सोडून कलेकडे वळलो, तेव्हा घरीदारी मी हरलो असेच सर्वांनी धरले. मीही धरले होते. त्याच सुमारास झाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाचे चरित्र वाचनात आले. त्यांची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोनो यांचा जन्म १९१० साली पॅरिसमध्ये झाला. वडील चित्रकार, आई अमेरिकन. लहानपणी पोलिओने एक पाय अधू झाला, तरी पुढे ते डोंगर चढत. सेलो हे तंतुवाद्य ते उत्तम वाजवीत. संगीत की विज्ञान, हा प्रश्न त्यांनाही पडला होता.

१९४१ च्या प्रबंधासाठी त्यांनी जिवाणूंना दोन साखरा एकत्र खाऊ घातल्या. जिवाणूंनी आधी ग्लुकोज संपविले. मग त्यांची वाढ थांबली आणि काही वेळाने ते दुधातील साखरेकडे, म्हणजे लॅक्टोजकडे वळले. हा मधला थांबा कशासाठी, या प्रश्नाने त्यांची पुढील वीस वर्षे घेतली.

मध्ये युद्ध आले. पॅरिस नाझींच्या ताब्यात, आणि मोनो यांची पत्नी ज्यू. ते भूमिगत चळवळीत उतरले. गुप्त कागद ते जिराफाच्या पोकळ हाडांत लपवीत, असे सांगतात. रझाकारांच्या काळातील भूमिगतांच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या मराठवाड्याला हे धाडस परके वाटू नये.

युद्धानंतर ते पाश्चर संस्थेत आले. लॅक्टोज पचविणारे विकर जिवाणू एरवी जवळजवळ बनवीतच नाही. लॅक्टोज मिळाले की बनवू लागतो. साखरच हे काम थेट सुरू करून देते, अशी मोनो यांची समजूत होती. पण फ्रांस्वा झाकोब व आर्थर पार्डी यांच्यासमवेत केलेले प्रयोग उलटेच सांगू लागले. जनुकांच्या तोंडाशी एक लहानसे प्रथिन बसलेले असते आणि ते काम रोखून धरते. लॅक्टोजपासून तयार झालेला रेणू त्याला चिकटला की त्याची पकड सुटते. आपल्या पाणचक्कीच्या पाण्यापुढे फळी घातली आहे, आणि दळण आले की दळणानेच ती फळी उचलली, अशी कल्पना करावी. फुकटचे दळण नाही, शक्तीचा अपव्यय नाही!

मोनो यांनी वर्षानुवर्षांची समजूत सोडून दिली. १९६१ साली झाकोब यांच्यासह नवा सिद्धान्त मांडला. १९६५ साली या दोघांना आणि आंद्रे ल्वॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका पेशीत जेमतेम दहा-वीस असणारे ते प्रथिन १९६६ साली अमेरिकेत प्रत्यक्ष वेगळे काढण्यात आले. १९७१ साली मोनो पाश्चर संस्थेचे संचालक झाले आणि १९७६ साली निवर्तले.

नाझींपुढे न वाकणारा हा माणूस प्रयोगातून दिसलेल्या सत्यापुढे मात्र वाकला. वाट बदलणे म्हणजे हरणे नव्हे, एवढे मला त्यांच्या चरित्राने शिकविले. घरी अजून तसे सांगता आलेले नाही. म्हणून येथे लिहिले.

— तृतीय वर्ष, कला