कापसाच्या मुलुखात कमावलं, तालीमवर लावलं : जमशेटजी टाटा

यवतमाळ जिल्ह्यात कापसाची ओळख करून द्यायची गरज नाही. शेती नसली तर जिनिंग, दलाली, हमाली, नाहीतर कापडाचं दुकान. कुठून तरी आपल्या घरांचा कापसाशी संबंध येतोच. मूर्तिजापूरला जाणारी आपली शकुंतला रेल्वेसुद्धा टाकली गेली ती कापूस वाहण्यासाठीच. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून विलायतेला जायचा आणि कापड होऊन परत इथल्याच बाजारात विकला जायचा. हा व्यवहार ज्यांच्या डोक्यात बसला नाही, त्यांत जमशेटजी नसरवानजी टाटा एक होते. ते पारशी, आपल्या कौमचे नव्हेत. तरीही आज त्यांच्याबद्दल लिहितो आहोत, कारण तालीमसाठी पैसा कसा द्यावा याचा त्यांच्याइतका खोल विचार त्या काळात फार थोड्यांनी केला.

3 मार्च 1839 रोजी नवसारीत त्यांचा जन्म झाला. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील व्यापारात उतरले आणि चौदाव्या वर्षी मुलाला मुंबईला घेऊन आले. एल्फिन्स्टन कॉलेजमधून 1858 मध्ये शिक्षण पुरं करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत दाखल झाले, पुढच्याच वर्षी हाँगकाँगला गेले. पुण्यवान माणसाचं चरित्र लिहिताना अडचणीच्या गोष्टी गाळायची पद्धत आहे, ती आम्हाला पटत नाही. म्हणून सांगून टाकतो : चीनकडे जाणाऱ्या त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. मुंबईच्या तेव्हाच्या कितीतरी मोठ्या शेठ लोकांची कमाई त्याच वाटेने आली.

अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं आणि कापसाचे भाव कोसळले. टाटांची पेढी कर्जात बुडाली. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते, हातातल्या हुंड्यांना कागदाचीही किंमत उरली नव्हती. ते पळाले नाहीत. सावकारांसमोर सगळा हिशोब मांडला, आणि त्यांचा सरळपणा पाहून सावकारांनी पेढीची देणी मिटवायचं काम पगार देऊन त्यांच्याकडेच सोपवलं. पुढे अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेत इंग्रज फौजेला माल पुरवण्याच्या ठेक्यातून कुटुंब सावरलं.

मग आलं नागपूर. सगळे गिरणीवाले मुंबईत जागा शोधत असताना जमशेटजींनी उलटा विचार केला. रेल्वे 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली होती. कापूस जवळ, आणि वरोऱ्याचा कोळसाही जवळ. (आपल्या वणीवाल्यांना वरोरा म्हणजे वर्धा नदीच्या पलीकडचं गाव. तेव्हा आपल्या जिल्ह्याला वणी जिल्हाच म्हणायचे.) 1874 मध्ये कंपनी काढली, भांडवल 15 लाख. जुम्मा तलावाजवळची पाणथळ जागा भरून घेताना एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय असं त्याचं मत होतं. पुढे गिरणीचा नफा पाहून त्यानेच आपली चूक कबूल केली, असं सांगतात. 1 जानेवारी 1877 रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्तानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. नाव पडलं एम्प्रेस मिल.

इथे कामगार रोज वेळेवर येत नसत. त्यांना काढून टाकण्याऐवजी जमशेटजींनी बक्षिसं ठेवली. 1886 मध्ये पेन्शन फंड, 1895 पासून अपघात झाल्यास भरपाई. कायद्याने हे करायला कुणी भाग पाडलं नव्हतं.

आमच्या मते त्यांचं खरं मोठेपण मात्र पुढच्या दोन कामांत आहे.

पहिलं काम 1892 चं. हुशार मुलांना परदेशी शिकायला पाठवण्यासाठी त्यांनी जे. एन. टाटा एन्डोमेंट नावाचा निधी काढला. सुरुवातीला तो फक्त पारशी मुलांसाठी होता. दोनच वर्षांत, 1894 मध्ये, त्यांनी तो सर्व हिंदी विद्यार्थ्यांसाठी खुला केला. सुरुवातीच्या लाभार्थींमध्ये दोन बाया होत्या, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर, दोघी डॉक्टर. ज्या काळात मुलीला शाळेत पाठवायलाच घरचे तयार नसत, त्या काळातली ही गोष्ट.

पैसा खैरात म्हणून मिळत नसे, कर्ज म्हणून मिळे. शिकून कमवायला लागलं की परत करायचा, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाच्या कामी येतो. आपल्याकडे कर्जे-हसना म्हणतात त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. तंतोतंत तीच नाही, कारण यात थोडं व्याजही लागतं आणि त्याबद्दल आपली भूमिका सगळ्यांना माहीत आहे. पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये आणि निधी आटू नये, या दोन्ही गोष्टी त्यात साधल्या. पुढे केरळच्या एका गरीब दलित घरातले के. आर. नारायणन याच निधीवर लंडनला शिकले आणि देशाचे राष्ट्रपती झाले. आपले जयंत नारळीकरही टाटा स्कॉलर म्हणूनच केंब्रिजला गेले.

दुसरं काम त्याहून मोठं, आणि ते त्यांना डोळ्यांनी बघायला मिळालं नाही. हिंदुस्तानात विज्ञानाचं संशोधन करणारी संस्था हवी म्हणून 1898 मध्ये त्यांनी मुंबईतल्या आपल्या इमारती आणि जमिनी देऊ केल्या. किंमत 30 लाख रुपये, त्यांच्या दौलतीचा जवळपास अर्धा हिस्सा. त्याआधी बरजोरजी पादशहा यांना परदेशातल्या विद्यापीठांचा अभ्यास करायला पाठवलं होतं. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय म्हणून आले आणि त्याच डिसेंबरच्या अखेरीस शिष्टमंडळ त्यांना भेटलं. कर्झनला शंका दोन : शिकायला मुलं येतील का, आणि शिकून त्यांना नोकरी कोण देणार? मग विल्यम रॅम्से या नामांकित शास्त्रज्ञाला पाहणीसाठी बोलावलं, त्याने बंगळूर सुचवलं. नंतर आणखी एक समिती बसली. कागद फिरत राहिले, वर्षं गेली. संस्थेला आपलं नाव द्यावं असा आग्रह जमशेटजींनी धरला नाही.

19 मे 1904 रोजी जर्मनीत बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं. तोवर संस्थेची एक वीटही रचली गेली नव्हती. बापाने जिवंतपणी देऊ केलेलं दान बाप गेल्यावर मुलांनी मागे घेतलं, असं आपण किती घरांत बघतो. दोराबजी आणि रतनजी यांनी तसं केलं नाही. म्हैसूर संस्थानाने 371 एकर जमीन दिली, 1909 मध्ये सरकारचा हुकूम निघाला आणि 1911 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पहिले विद्यार्थी आले. 1933 मध्ये सी. व्ही. रामन तिचे पहिले हिंदी संचालक झाले.

त्याच काळात आपले बुजुर्गही गप्प बसले नव्हते. एम्प्रेस मिलची कंपनी निघाली त्याच 1874 साली मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी अंजुमन-ए-इस्लाम काढली, आणि 1875 मध्ये सर सय्यदांनी अलिगढला मदरसा सुरू केला, त्याचंच पुढे कॉलेज झालं. मदरशाला, मशिदीला, गरीब मुलांच्या फीला देणारे हात आपल्या जिल्ह्यात आजही कमी नाहीत. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, त्यात फेरफार करायचा सवाल नाही. पण सदका आणि वक्फ यांना मोकळीक जास्त आहे. असं असताना एम.एस्सी. झालेल्या मुलीला पीएच.डी. करायची असेल, तर तिच्यासाठी आपल्या गावात कोणता फंड आहे? आम्ही विचारतो तेव्हा बहुतेक जण दहावी-बारावीच्या सत्कारावर थांबतात. सत्कारात शाल आणि मोमेंटो मिळतो, प्रयोगशाळेची फी भरली जात नाही.

नागपूरची एम्प्रेस मिल आता नाही. तिच्या जागेवर मॉल उभा आहे. 1892 चा तो निधी मात्र चालू आहे. परदेशात पुढचं शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या हिंदी पदवीधरांकडून तो दरवर्षी अर्ज मागवतो, आणि अर्ज करायला पारशी असण्याची अट 1894 पासून नाही.