अमेरिकेत कर्जावरून पहिलं राजकीय भांडण पेटवणारा अर्थमंत्री

अमेरिकेतून अधूनमधून एकच बातमी येते. कर, सरकारी खर्च आणि देशावरचं कर्ज यावरून रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट भिडलेत, सरकारी कामकाज ठप्प व्हायची वेळ आलीये.

हे भांडण आजचं नाही. त्याची सुरुवात देशाच्या पहिल्या अर्थमंत्र्यापासून होते. नाव अलेक्झांडर हॅमिल्टन. १० डॉलरच्या नोटेवर दिसतो तोच.

हॅमिल्टनचा जन्म कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरचा. वडील घर सोडून गेले, आई तापाने गेली. पोरगा एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करू लागला. पुढे शिकायला न्यूयॉर्कला आला आणि स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनचा सहायक झाला.

१७८९ मध्ये वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाला आणि हॅमिल्टनच्या हाती खजिना आला. खजिना कसला, युद्धाची उधारीच. केंद्रावर सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरचं कर्ज, राज्यांवरचं वेगळं.

जानेवारी १७९० मध्ये त्याने योजना मांडली. राज्यांचं कर्जही केंद्राने घ्यायचं आणि जुन्या रोख्यांचे पूर्ण पैसे मान्य करायचे. हिशेब सोपा होता. आज देणं चुकवलं नाही, तर उद्या जग पुन्हा उधार देईल.

इथेच ठिणगी पडली. अडचणीतल्या सैनिकांनी आपले रोखे कवडीमोलाने विकले होते. आता नफा सट्टेबाजांना मिळणार, असा जेम्स मॅडिसनचा आक्षेप होता. व्हर्जिनियाने तर आपलं बरंचसं कर्ज फेडलं होतं. मग मॅसॅच्युसेट्सचं त्यांनी का भरायचं?

जून १७९० मध्ये थॉमस जेफरसनच्या घरी जेवण झालं आणि तिथे तोडगा निघाला. कर्जाची योजना मंजूर होऊ द्यायची, बदल्यात राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीकाठी न्यायची. आजचं वॉशिंग्टन शहर उभं राहिलं ते या सौद्यातून.

पण कर्ज फेडायला कर हवा. १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर लागला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी डोंगरापलीकडे धान्य नेणं परवडत नाही म्हणून त्याची व्हिस्की करून विकायचे. १७९४ मध्ये त्यांनी बंड केलं आणि ते मोडायला सुमारे १३ हजारांची फौज निघाली. हॅमिल्टन स्वतः सोबत होता.

तोवर दोन पक्ष उभे राहिले होते. हॅमिल्टनचे फेडरलिस्ट आणि जेफरसन-मॅडिसनचे रिपब्लिकन. (आजचा रिपब्लिकन पक्ष वेगळा.)

१८०१ मध्ये जेफरसन सत्तेत आला. व्हिस्कीवरचा कर गेला, लष्कराचा खर्च घटला. पण १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुईझियाना दीड कोटी डॉलरला घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यानेही बहुतांश रक्कम रोखे काढूनच उभी केली. ते रोखे खपले, कारण हॅमिल्टनने देशाची पत बांधून ठेवली होती.

११ जुलै १८०४ ला उपराष्ट्राध्यक्ष एरन बरसोबतच्या द्वंद्वयुद्धात हॅमिल्टनला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला. देशाचं कर्ज मार्गी लावणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र कर्ज होतं. कुटुंबासाठी मित्रांनी वर्गणी काढली.