तारे ओळखायला आज फिरती चकती आहे, पण या मास्तरांनी आकाशावरून हजारो वर्षं मागची तारीख काढली होती

बदलापूरच्या पुढचं स्टेशन म्हणजे वांगणी. अमावास्येच्या आसपास इथे शनिवारी रात्री उतरणाऱ्या काही मंडळींच्या पाठीवर दुर्बीण असते आणि हातात एक गोल पुठ्ठ्याची चकती. उल्हासनगर, अंबरनाथच्या दिव्यांत न दिसणारे तारे इथे दिसतात, म्हणून खगोल मंडळासारख्या संस्था वर्षानुवर्षं इथे आकाशदर्शन घेत आल्या आहेत.

ती चकती म्हणजे प्लॅनिस्फिअर, ताऱ्यांचा फिरता नकाशा. खालच्या चकतीवर तारे आणि कडेला तारखा, वरच्या चकतीवर एक खिडकी आणि कडेला वेळ. आजची तारीख आणि आत्ताची वेळ समोरासमोर आणली की खिडकीत दिसतं तेच डोक्यावरचं आकाश. नकाशा डोक्यावर धरायचा आणि त्यावरची उत्तर खऱ्या उत्तरेला जुळवायची. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो, त्यामुळे चकतीही आपल्या अक्षांशाची लागते.

पण या चकतीवर ग्रह नसतात. तारे दरवर्षी त्याच तारखेला त्याच जागी येतात, ग्रह मात्र राशींमधून पुढे सरकत राहतात. म्हणून नकाशात नसलेला, फारसा न लुकलुकणारा ठळक ठिपका एखाद्या राशीत दिसला तर तो बहुतेक ग्रह असतो.

तारे परत जागेवर येतात आणि ग्रह हिशोबाने सरकतात. याच दोन गोष्टींवर एका मराठी शाळामास्तरांनी भारताच्या इतिहासातल्या तारखा तपासल्या. त्यांचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म १८५३ चा, दापोली तालुक्यातल्या मुरुडचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. पुढचं आयुष्य शिक्षकाच्या नोकरीत गेलं. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे. ना वेधशाळा होती, ना विद्यापीठातली खुर्ची. शाळा सांभाळून ते जुने ग्रंथ जमवायचे आणि गणितं करायचे.

त्या काळी इतिहासकारांपुढे एक मोठा पेच होता. गुप्त राजांच्या शिलालेखांवर वर्षांचे आकडे होते, पण तो गुप्त संवत नेमका कधी सुरू झाला यावर एकमत नव्हतं. जॉन फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने तो इसवी सन ३१९-२० च्या सुमाराचा धरला. हे बरोबर की चूक, ते गणिताने तपासायचं काम दीक्षितांनी केलं.

मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असं कोरलेलं आहे. फ्लीटचा काळ धरून हिशोब केला तर २१ जून ४८४ ही तारीख येते, आणि त्या दिवशी वार गुरुवारच होता. काही ताम्रपटांवर तर गुरू ग्रहावरून ठेवलेली वर्षांची नावं होती. गुरूला राशीचक्राची फेरी मारायला सुमारे १२ वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत साधारण एक वर्ष. या १२ वर्षांच्या चक्रावरचा दीक्षितांचा लेख फ्लीटच्या १८८८ च्या ग्रंथात छापला गेला.

पुढे रॉबर्ट सेवेल यांच्यासोबत त्यांनी १८९६ मध्ये 'द इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथ केला. इसवी सन ३०० ते १९०० मधली तिथी इंग्रजी तारखेत कशी बदलायची, त्याची कोष्टकं त्यात आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२ आहे. त्यात ७८ मिळवले की १०६० हे साल निघतं. पण शिलालेखावरचा नेमका दिवस हवा असेल, तर अशी कोष्टकं लागतात.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं निरीक्षण कृत्तिकांचं. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे. आज त्या बरोबर पूर्वेला उगवत नाहीत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं लागतात आणि ताऱ्यांच्या उगवायच्या जागा सरकतात. कृत्तिका अगदी पूर्वेला कधी उगवत असतील याचं गणित दीक्षितांनी केलं आणि उत्तर आलं इसवी सनापूर्वी सुमारे ३०००. या निष्कर्षावर अभ्यासकांचा वाद आजही आहे. पण ग्रंथातल्या एका ओळीची आकाशाशी गाठ घालायची ही पद्धत महत्त्वाची ठरली.

१८९६ मध्येच त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास सांगणारा मराठी ग्रंथ आला. तो इतका मोलाचा ठरला की पुढे त्याची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरं झाली. आणि हा माणूस फक्त पंडितांसाठी लिहीत नव्हता. १८९२ च्या 'ज्योतिर्विलास' या पुस्तकात त्यांनी साध्या वाचकाला रात्रीच्या आकाशाची ओळख करून दिली. पुस्तकाचं दुसरं नावच होतं 'रात्रीची दोन घटका मौज'.

एप्रिल १८९८ मध्ये दीक्षित गेले. वयाची ४५ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

त्यांचं म्हणणं तुम्हालाही तपासता येतं. कार्तिक महिन्यात अंधार पडल्यावर पूर्वेकडे बघा. ताऱ्यांचा छोटा घोस दिसेल, त्या कृत्तिका. फोनमधल्या होकायंत्रावर पूर्व धरा आणि हात लांब करून मूठ वळा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. कृत्तिका जिथे उगवतात ती जागा पूर्वेपासून उत्तरेकडे अडीच मुठींवर आहे. दीक्षितांचं गणित मान्य केलं, तर एवढं सरकायला त्यांना सुमारे ५ हजार वर्षं लागली आहेत.