जॉन वेस्ली आणि त्यांचे नियम

मंडळीत नियमांचा विषय निघाला की दोन तट पडतात. नियम सैल झाले म्हणून मंडळी बिघडली, असे वडीलधारे म्हणतात. कृपेखाली असणाऱ्याला नियम हवेत कशाला, असे तरुण विचारतात. दोघांनीही जॉन वेस्ली यांचे चरित्र वाचावे असे आम्हांस वाटते. बेळगाव, वडोदरा, हैदराबाद येथील मेथॉडिस्ट मंडळ्यांत हे नाव घरचेच आहे. पण नियमांच्या बाबतीत हा मनुष्य किती ठेचा खाऊन शिकला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

वेस्लींचा जन्म १७०३ साली इंग्लंडमधील एपवर्थ गावी पाळकाच्या घरात झाला. आई सुसानाबाई. तिला एकूण एकोणीस मुले झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. घराला शिस्त अशी की जेवणाच्या वेळेखेरीज खाणे नाही, आणि वर्षभराचे मूलसुद्धा रडले तर हळू आवाजात. परंतु हीच माउली आठवड्यातील ठरलेल्या संध्याकाळी एकेका मुलाला एकटे जवळ घेऊन बसे. जॉनचा वार गुरुवार. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या गुरुवारची नोंद घ्यावी.

पुढे ऑक्सफर्डला धाकटे बंधू चार्ल्स व काही मित्र यांच्यासह त्यांनी १७२९ पासून एक लहानसा गट चालविला. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत उपास, वारंवार प्रभुभोजन, तुरुंगातील कैद्यांच्या भेटी, वेळेचा काटेकोर हिशेब. लोकांनी थट्टेने त्यांना मेथॉडिस्ट, म्हणजे पद्धतवाले, म्हटले. गटातील विल्यम मॉर्गन हा तरुण १७३२ साली वारला, तेव्हा उपासांनीच त्याला मारले अशी कुजबुज झाली. वेस्लींनी आरोप नाकारला आणि नियम तसेच चालू ठेवले.

हेच नियम घेऊन ते १७३६ च्या आरंभी अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत पोहोचले. रानात नव्याने घरे बांधणारी ती माणसे, कोणी तापाने आजारी, कोणी कर्जबाजारी. त्यांच्यापुढे वेस्लींनी जुन्या मंडळीचे बारीकसारीक विधिनियम मांडले. मूल अशक्त असल्याचे आईबाप सांगत नाहीत तोवर त्याला पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देण्याचा त्यांचा आग्रह असे. सोफी हॉपकी नावाच्या तरुणीवर त्यांचे मन जडले होते. पण लग्नाचा निर्णय त्यांच्याने होईना. १७३७ च्या मार्चमध्ये तिने दुसऱ्याशी लग्न केले. ऑगस्टमध्ये, आपण येणार असल्याची आगाऊ सूचना तिने दिली नाही या व अशा कारणांवरून, वेस्लींनी तिला प्रभुभोजन नाकारले. पुस्तकात नियम होता हे खरे. पण त्या मेजापाशी नियम बोलत होता की दुखावलेले मन, हे ओळखायला सावानातील लोकांना वेळ लागला नाही. तिचे आप्त तेथील मुख्य न्यायाधीश होते. दहा आरोपांचा खटला उभा राहिला आणि डिसेंबरात वेस्ली वसाहत सोडून निघाले.

२४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत, रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असता, त्यांच्या अंतःकरणाला तारणाची खात्री पटली. ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. आम्हांस तिच्या पुढचे महत्त्वाचे वाटते. त्यांनी नियम फेकून दिले नाहीत. नियमांची जागा बदलली. १७४२ साली ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. फॉय नावाच्या कप्तानाने सुचविले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. अकरा अगदी गरीब माणसे माझ्याकडे द्या, त्यांना जमले नाही तर मी भरीन. पैसे गोळा करायला घरोघर जाऊ लागल्यावर कोठे दारू, कोठे नवराबायकोचे भांडण दृष्टीस पडले. पेनी मागायला गेलेला मनुष्य विचारपूस करू लागला आणि त्यातून वर्गसभा जन्मली. पुढल्या वर्षी छापलेले नियम तीनच मथळ्यांचे होते: वाईट टाळणे, चांगले करणे, उपासना व प्रार्थना न चुकविणे. आत येण्याची अट मात्र एकच, पापातून सुटण्याची इच्छा.

म्हणून ढिलाई होती असे नव्हे. १७४३ साली न्यूकॅसल येथे चौसष्ट जणांची नावे कमी केली गेली. सतरा दारूपायी, एक बायकोला मारण्यापायी, एकोणतीस थिल्लरपणा व बेफिकिरीपायी. हे एकोणतीस जरा जास्तच, असे आम्हांस वाटते. किंग्जवुडच्या शाळेतही त्यांनी मुलांना पहाटे चारला उठविले आणि खेळ बंद ठेवले. ती शिस्त कधी नीट टिकली नाही. १७५१ साली लग्न केले तेव्हा संसारासाठी एकही उपदेश कमी करायचा नाही असे ठरवून केले. तो संसार सुखाचा झाला नाही.

चहाची गोष्ट अधिक गोड आहे. हात कापतात आणि गरिबांचा पैसा जातो म्हणून १७४६ साली त्यांनी चहा सोडला. तीन दिवस डोके ठणकले. वाचलेला पैसा गरिबांना दिला. सुमारे बारा वर्षांनी डॉ. फॉदरगिल यांनी सांगितल्यावरून पुन्हा चहा घेऊ लागले, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पैशाचा नियम मात्र त्यांनी कधीच मोडला नाही. एका उपदेशात त्यांनी ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशेब दिला आहे; तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे मानतात. मिळकत तीस पौंड होती तेव्हा अठ्ठावीसांत भागविले व दोन दान केले. मिळकत साठ झाली, नव्वद झाली, एकशेवीस झाली, खर्च अठ्ठावीसच. १७७६ साली कर-अधिकाऱ्यांनी घरातील चांदीची चौकशी केली. त्यांनी कळविले की लंडनला दोन चमचे आहेत व ब्रिस्टलला दोन. भोवती इतके लोक भाकरीला मोताद असता आणखी घेणार नाही.

२ मार्च १७९१ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की अंत्ययात्रेला घोडागाडी नको. सहा गरीब माणसांनी खांदा द्यावा आणि प्रत्येकास एक पौंड मिळावा.