मॅट बस्बी : म्युनिकच्या आधी आणि नंतर

स्कॉटलंडमधील बेलशिलजवळच्या ऑरबिस्टन या खाणकामगारांच्या वस्तीत २६ मे १९०९ रोजी एका कॅथलिक कुटुंबात मॅट बस्बी यांचा जन्म झाला. १९१७ साली वडील युद्धात कामी आले. मॅट यांनाही काही काळ कोळशाच्या खाणीत राबावे लागले. १९२८ मध्ये मँचेस्टर सिटीने त्यांना करारबद्ध केले. आघाडीच्या फळीत त्यांना सूर गवसेना, म्हणून त्यांना मधल्या फळीत आणले गेले, आणि तेथेच त्यांचा खेळ बहरला. १९३४ चा एफ. ए. चषक जिंकणाऱ्या संघात ते होते. पुढे लिव्हरपूल, आणि मग दुसरे महायुद्ध.

१९४५ साली मँचेस्टर युनायटेडची धुरा त्यांनी स्वीकारली, तेव्हा संघाचे मैदान बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेले होते. तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुले निवडून त्यांना घडविण्यावर त्यांचा भर होता. याच मुलांनी १९५६ व १९५७ मध्ये लीगचे विजेतेपद मिळविले.

इंग्लिश लीगच्या अधिकाऱ्यांची नाराजी पत्करून बस्बी यांनी आपला संघ युरोपियन चषकात उतरविला. दूरदृष्टीचा हा निर्णयच पुढे त्यांच्या जिव्हारी लागला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडहून परतताना म्युनिकच्या बर्फाळ धावपट्टीवर विमान कोसळले. २३ जण दगावले. त्यांत आठ खेळाडू होते. बस्बी मरणासन्न होते. त्यांना दोनदा रुग्णाभ्यंग संस्कार देण्यात आला. कोण गेले हे त्यांना बरेच दिवस कळू दिले नव्हते. अखेर त्यांनी एकेक नाव उच्चारावे आणि पत्नी जीन यांनी मानेनेच होय-नाही सांगावे, असा तो प्रसंग घडला. कोणत्याही प्रशिक्षकावर याहून कठीण वेळ आली असेल, असे आम्हास वाटत नाही.

आपणच या मुलांना युरोपात नेले, हा सल त्यांना छळू लागला. फुटबॉल कायमचे सोडावे, असे त्यांच्या मनात आले. त्या मुलांना हे रुचले नसते, हे जीन यांनीच त्यांना पटविले.

दहा वर्षांनी, २९ मे १९६८ रोजी, वेम्बली येथे युनायटेडने बेन्फिकाला ४-१ असे हरवून युरोपियन चषक पटकावला. अपघातातून वाचलेले बॉबी चार्ल्टन व बिल फोक्स त्या दिवशी मैदानात होते. चार्ल्टन यांनी दोन गोल केले.

त्याच वर्षी बस्बी यांना 'सर' हा किताब मिळाला, तर १९७२ मध्ये संत ग्रेगरी यांच्या नावाचा पोपमहोदयांचा सन्मान. २० जानेवारी १९९४ रोजी ते निवर्तले. मँचेस्टरच्या सदर्न दफनभूमीत जीन यांच्याशेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली.