वैऱ्याच्या देशवासीयांस पत्र

आमच्या पर्वत पाटियाहून पूर्वेकडे जाणारा रस्ता बारडोलीस पोहोचतो. १९२८ सालच्या शेतसाऱ्याच्या लढ्यामुळे बारडोलीचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु १४ जानेवारी १९३९ रोजी तेथे झालेली एक भेट फारसे कोणी सांगत नाही. तांबरम येथील मिशनरी परिषदेसाठी हिंदुस्थानात आलेले जपानचे ख्रिस्ती सेवक तोयोहिको कागावा त्या दिवशी महात्मा गांधींना भेटले. जपानने चीनवर केलेली स्वारी कागावांना मान्य नव्हती. आपल्या जागी आपण असता तर काय केले असते, असे त्यांनी विचारले. आपले मत उघड सांगावे, मग गोळी खावी लागली तरी चालेल, असा गांधीजींचा सल्ला होता. पुढे १९४० मध्ये कागावांना त्यांच्याच सरकारने अटक केली.

दुसऱ्यास दिलेला सल्ला गांधीजींनी स्वतः कसा पाळला, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

१८६९ साली पोरबंदरास जन्मलेले गांधीजी तरुणपणी लंडनला शिकत असताना पवित्र शास्त्र वाचू लागले. जुन्या करारातील काही पुस्तके वाचताना त्यांना झोप येई; डोंगरावरील प्रवचन मात्र थेट अंतःकरणाला भिडले. महायुद्धात ते कोणत्याही सरकारचे प्रमुख नव्हते, तरी देश त्यांचे ऐकत होता. जुलै १९४० मध्ये त्यांनी प्रत्येक ब्रिटिश माणसास उद्देशून शस्त्रे खाली ठेवण्याची विनंती लिहिली. ती आम्हांस आजही पचत नाही.

१९४२ मध्ये मात्र शत्रू दारात आला. मार्चमध्ये रंगून पडले, एप्रिलमध्ये विशाखापट्टण व काकिनाडा येथे बाँब पडले. इंग्रजांनी निघून जावे, असे गांधीजी म्हणत असल्यामुळे ते जपानचे पक्षपाती आहेत, असा आरोप होऊ लागला. तेव्हा १८ जुलै रोजी वर्ध्याजवळील सेवाग्रामहून त्यांनी जपानी जनतेस खुले पत्र लिहिले.

संडेस्कूलमध्ये वैऱ्यावर प्रीती करण्याचा पाठ घेताना मुले हमखास विचारतात, मग वैरी आला तर त्याला घरात घ्यायचे काय? शिक्षकांनी हे पत्र अवश्य पाहावे. लंडनमध्ये असल्यापासून जपानी लोकांचे गुण आपणांस आवडत आले, असे ते आरंभी सांगतात. आश्रमात राहिलेल्या एका जपानी भिक्षूची आठवण काढतात. युद्ध सुरू होताच त्या भिक्षूस नेण्यात आले, पण त्याची प्रार्थना व लहानसा ढोल मागे राहिला, आणि आश्रमाची सकाळ-सायंकाळची उपासना त्यानेच सुरू होई. एवढी माया दाखवून झाल्यावर ते स्पष्ट बजावतात की चीनवरील हल्ला हा अन्याय आहे. हिंदुस्थानात तुमचे स्वागत होईल असे कोणी सांगितले असेल तर ती फसवणूक आहे. आम्ही तुमचा प्रतिकार करू. दोस्तांच्या फौजा येथे राहण्यास आपण संमती दिल्याचेही ते लपवीत नाहीत. मोकळीक असती तर प्रकृतीची व प्राणाची पर्वा न करता जपानला येऊन तुमची विनवणी केली असती, असेही लिहितात. सही करताना ते स्वतःस त्यांचा मित्र म्हणवितात.

पत्र २६ जुलैच्या ‘हरिजन’मध्ये छापले गेले. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत त्यांना अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये सहाच दिवसांनी त्यांचे चिटणीस, आमच्या सुरत जिल्ह्यातील सरस गावचे महादेवभाई देसाई वारले. १९४४ मध्ये कस्तुरबाही तेथेच गेल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत, प्रार्थनेस जात असताना, गांधीजींना गोळ्या लागल्या. सेवाग्रामच्या प्रार्थनेत त्या भिक्षूचा जपानी मंत्र पुढेही म्हटला जात राहिला.